टिंबाभोवतीचं वर्तुळ

५ जानेवारी

प्रिय बारके,

पाकीट बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. बिघडलेत ते कान, आणि त्यांची सवय आता तुलाही आहे. फोनवर तू काहीतरी विचारतेस, मी अंदाजाने "हो हो" म्हणते, आणि चार दिवसांनी मला कळतं की मी कशाला तरी होकार देऊन बसलेय. मेसेज टाकता येतो मला, पण त्या दोन ओळींत माझं भांडण मावत नाही. म्हणून कागद.

तुझे काका गेल्यापासून दुकान उघडं आहे, पण काम अडलंय. पडदे शिवायचे म्हणजे आधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या. खिडकी काही दुकानात चालत येत नाही. इतकी वर्षं पत्ता शोधायचं काम त्यांचं आणि मापं घ्यायचं माझं. आता एकटी निघाले की पत्ता विचारता येतो, पण उत्तर ऐकू येत नाही. माणसं भराभर बोलतात, आणि नेमकं सांगायच्या वेळी तोंड पलीकडे फिरवून हात दाखवतात. ओठ दिसले असते तर निदान अर्धं कळलं असतं.

तुझा दादा म्हणतो, "आई, आता बस्स. मार्चअखेर दुकानाच्या भाड्याचा करार संपतोय, तो वाढवायचा नाही. माझ्याकडे राहायला ये." पोरगा वाईट नाही, बापावर गेलाय एवढंच. पण त्याच्याकडे जाऊन मी करू काय? बसून राहू?

तू मोबाइलवरचे नकाशे बनवतेस ना, मग मला एक चांगला बनवून दे. सध्या मिळतो तो मी बघितला. जेवणाच्या जागांच्या खुणा, सवलतींचे झेंडे, आणि रस्ता शोधावा तर तो त्या सगळ्या पसाऱ्याखाली. वर आतून एक बाई बडबडत असते, तिचा मला उपयोग शून्य. मार्चपर्यंत मला कुठलाही पत्ता एकटीने सापडला पाहिजे. मी ठरवलंय. आता तुझं तू बघ.

तुझी मावशी


१४ जानेवारी

प्रिय मावशी,

नमस्कार, वाकून, पण इथूनच.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि इतकी मोठ्याने हसले की शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तिच्या कानातली यंत्रं काढली. योग बघ, आम्ही सध्या पायी चालणाऱ्यांसाठीच नवा नकाशा करतोय. आमच्या साहेबांना आम्ही इस्त्रीसाहेब म्हणतो, कारण त्यांच्या सदऱ्याला सुरकुती पडलेली कुणी पाहिलेली नाही. नकाशालाही पडू देत नाहीत. चांगले आहेत, पण हट्टी. तुझ्याशी छान जमेल.

माझं काम तुला सोपं करून सांगते. तळहाताएवढ्या काचेवर अख्खं गाव बसवायचं. सगळं बसत नाही, म्हणून दिवसभर मी ठरवत असते की काय काढून टाकू. झेंडे मी काढलेत. रस्त्यांची नावं मोठी केलीत. उन्हात दिसावीत म्हणून रंग बदललेत, त्यासाठी गच्चीवर भर दुपारी फोन धरून उभी राहते आणि लोक मला खुळी समजतात. शिवाय तू जिकडे तोंड करशील तिकडे नकाशाचं वरचं टोक वळेल. म्हणजे नाकासमोर चालायचं.

दादाला सांगून आमचा चाचणीचा नकाशा तुझ्या फोनमध्ये घालून घे. त्यात एक निळं टिंब दिसेल, ती तू. टिंबाभोवती एक फिकट निळं वर्तुळ दिसेल, कधी लहान, कधी मोठं. त्याचा अर्थ असा की तू टिंबावरच आहेस असं नाही, त्या वर्तुळात कुठेतरी आहेस. वर्तुळ मोठं झालं की समजायचं, नकाशाला तेवढीशी खात्री नाही.

वापर आणि मनसोक्त शिव्या दे. आमच्याकडे चाचणीला येतात ती सगळी भरभर टाइप करणारी तरुण मंडळी. तुझ्यासारखं गिऱ्हाईक मला हवंच होतं.

तुझी बारकी


२ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तू शिव्या मागितल्यास म्हणून देते. शिवी एकच आहे, ती शेवटी.

आधी कौतुक. तीन घरं केली एकटीने! दोन सरळसोट होती, त्यांचं काही नाही. तिसरं एका बोळात होतं, तिथे तुझे काकासुद्धा गोंधळले असते. गोंधळले असते, पण कबूल केलं नसतं. तुला आठवतं ना त्यांचं? कुणी रस्ता विचारला की "ठाऊक नाही" हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघालेच नाहीत. एकदा घरसामानाने भरलेला अख्खा ट्रक त्यांनी भलत्याच टोकाला धाडला. कपाटावर बसलेला तो हमाल आम्हाला हात करून गेला, "फार उपकार झाले!" मी म्हटलं, अहो, तुम्हाला ती गल्ली ठाऊक तरी आहे का? तर म्हणाले, "इतक्या आशेने विचारलं त्याने, नाही कसं म्हणायचं?"

तुझ्या दादाच्या घरी रविवारी गेले होते. म्हणजे तोच गाडीतून घेऊन गेला. तळघरात गाडी लावायची, तिथूनच लिफ्टने वर. त्याच्या इमारतीला बाहेरून तोंड आहे की नाही हे मी अजून बघितलेलं नाही. राहायला जाऊन इतका काळ झाला, पण खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवून बसलाय. आणि आई कोण, तर पडदेवाली! दिव्याखाली अंधार. म्हटलं, मापं घेते, तर म्हणाला, "आता तू काम वाढवू नकोस." मी गप्प बसले, हे तुला खोटं वाटेल, पण बसले.

पुढच्या आठवड्यात मोठं काम येतंय. एक डॉक्टरीणबाई नवं प्रसूतिगृह काढतायत, सगळ्या खोल्यांचे पडदे. हे काम मिळालं की दादाच्या तोंडाला कुलूप आणि दुकानाचं कुलूप माझ्या हातात.

आता शिवी. ते वर्तुळ काढ. डाग पडल्यासारखं दिसतं. मी डबक्यात उभी असल्यासारखी वाटते, आणि ते मोठं व्हायला लागलं की माझा धीर लहान होतो. टिंब तेवढं ठेव. टिंब बघितलं की कसं, कुणीतरी बोट धरल्यासारखं वाटतं.

तुझी मावशी


९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

हुकूम पाळला. वर्तुळ गेलं.

तू एकटीच नव्हतीस, चाचणीतल्या पुष्कळ जणांनी तेच म्हटलं होतं. इस्त्रीसाहेब तर पहिल्यापासून म्हणत होते की लोकांना नकाशाकडून खात्री हवी असते, शंका त्यांच्यापाशी स्वतःच्या भरपूर असतात. मी अडून बसले होते. मग तुझं पत्र आलं, आणि मी म्हटलं, जिच्यासाठी भांडतेय तिलाच नको असेल तर कशाला?

मनात जरासं कुरकुरतंय, पण टिंब आता खरंच सुरेख दिसतं. नवी आवृत्ती तुझ्या फोनवर आपोआप येईल. प्रसूतिगृहाचं सविस्तर कळव. डॉक्टरीणबाईंना सांग, माझी भाची नकाशे करते. फुशारकी मारायची संधी सोडू नकोस.

तुझी बारकी


२६ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक. हवा बरी आहे. हल्ली गुडघा जरा धरतो म्हणून बाहेर फारशी जात नाही. उरलेल्या तुकड्यांचे उशांचे अभ्रे शिवले, तुला दोन पाठवीन.

नकाशा छान आहे.

मावशी


३ मार्च

बारके,

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. फोन केला असता तर भांडलो असतो, म्हणून लिहितोय.

आईने तुला काही सांगितलं नसणार. प्रसूतिगृहाच्या पत्त्याला ती गेली तेव्हा तुझा नकाशा तिला मागच्या रस्त्यावरच्या दुसऱ्याच इमारतीपाशी घेऊन गेला. तिथे रंगकाम चाललं होतं. दार एका बाईने उघडलं. ती काय बोलली ते आईला ऐकू आलं नाही, ही "हो हो" म्हणाली. त्या बाईला वाटलं, रंगाऱ्याने कुणाला तरी पाठवलंय. आईने परक्या घराच्या सगळ्या खिडक्या मोजल्या. न्हाणीघराचीसुद्धा. मग त्या बाईचा नवरा आला. तो ओरडला, ते मात्र तिला ऐकू आलं.

डॉक्टरीणबाई वाट बघून बघून कंटाळल्या आणि त्यांनी काम दुसरीकडे दिलं. तेव्हापासून दुकान बंद आहे. आईला गुडघेदुखी कधीच नव्हती.

तू तिचं चांगलंच चिंतलंस, हे मला ठाऊक आहे. पण आता तिला आणखी उभारी देऊ नकोस. ती रस्त्यात एकटी हरवलेली, कुणाचं काही ऐकू न येणारी, असं चित्र डोळ्यांपुढे आलं की मला झोप येत नाही. करार संपला की मी तिला इकडे आणतोय. तुझा प्रयोग पुरे झाला.

दादा


१२ मार्च

मावशी,

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? दादाने सगळं लिहिलंय. अभ्रे नकोत मला. भांडण हवंय, नेहमीसारखं दोन पानी.

तू तिथे कशी पोचलीस ते मी शोधून काढलं. उपग्रहाचा सिग्नल उंच इमारतींवर आपटून आडवातिडवा येतो, मग नकाशाला तू एका रस्त्यावर असलीस तरी शेजारच्या रस्त्यावर दिसतेस. वर्तुळ असतं तर ते त्या वेळी मोठं झालं असतं आणि दोन्ही रस्ते त्यात आले असते. तू थांबली असतीस. पण मी ते पुसलं होतं, म्हणून टिंब छाती काढून चुकीच्या जागी उभं राहिलं. तुला वाटत असेल, तुझे कान कमी पडले. तसं नाही. माझ्या नकाशाला ठाऊक नव्हतं, आणि तसं सांगायची त्याची सोय मीच काढून घेतली होती. तो ट्रक आठव. मी तुझ्या हातात काकाच दिले होते!

म्हणून आता ऐक. दादाचं पत्र वाचलं त्याच दिवशी मी इस्त्रीसाहेबांकडे गेले आणि म्हटलं, वर्तुळ परत आणायचं. म्हणाले, "लोकांना आवडत नाही, तुमच्याच मावशींनी लिहिलंय." मी म्हटलं, मावशी चुकली, मी चुकले, आणि सर, तुम्हीही चुकताय. तीन दिवस मी खपून तयारी केली. मग मी त्यांना म्हटलं, चला, मागच्या गल्लीत चष्म्याचं एक दुकान आहे, तुम्ही कधी गेला नाहीत. नकाशावर बघून मला घेऊन चला.

निघाले ताठ मानेने. म्हणजे मान खालीच, फोनमध्ये. टिंबाच्या मागे मागे एका आवारात शिरले, आणि चष्म्याच्या दुकानाऐवजी लाँड्रीच्या मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या ओल्या चादरींत जाऊन उभे राहिले. सदऱ्याचं काय झालं ते विचारू नकोस. "फोन बिघडलाय," म्हणाले. मी माझा फोन त्यांच्या हातात दिला. त्यात मी वर्तुळ परत घातलं होतं, नुसतं नाही, थोडं सुधारून. खात्री कमी झाली की वर्तुळ पसरतं, आजूबाजूचं जे काही उंच आणि ठळक असेल, टाकी, जिना, धुराडं, त्याचं लहानसं चित्र कडेला येतं, आणि दोनच शब्द उमटतात, "वर बघा." साहेबांनी वर बघितलं. चादरीच्या वरून पलीकडच्या गच्चीवर चष्म्याची भलीमोठी पाटी दिसत होती.

परत आलो. दारात म्हणाले, "वर्तुळाचा रंग जरा सौम्य करा, डाग वाटतो." म्हणजे ते राहणार! नकाशा लोकांच्या हाती जाईल तो वर्तुळासकट जाईल. आणि उद्या कुणी पुन्हा काढा म्हटलं तर मी पुन्हा भांडणार, मग समोर साहेब असोत नाहीतर तू.

तुझ्या फोनवर नवी आवृत्ती आली असेल. मार्च अजून संपलेला नाही.

तुझी बारकी


३० मार्च

प्रिय बारके,

घे, दोन पानी.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दुकानातली कपाटं रिकामी करत होते. हरले होते, खोटं कशाला बोलू? त्या परक्या माणसाच्या ओरडण्याचं मला काही वाटलं नाही. खिडक्या मात्र चांगल्या होत्या त्यांच्या, मापं अजून पाठ आहेत. पण रस्त्यावर आले, फोन बघितला, तर टिंब आपलं तिथेच, ठाम. मला वाटलं, नकाशा बरोबर आहे आणि मीच आता निकामी झाले. सरळ परत आले आणि दुकानाला कुलूप घातलं बघ.

तू लिहिलंस की नकाशाला ठाऊकच नव्हतं, ते वाचून मी स्टुलावरून खाली उतरले. म्हटलं, अगं बये, आपण कापड कापताना शिवणीपुरती माया सोडतो की नाही? नेमक्या मापावर कापणारा पहिल्याच धुण्यात फसतो. आणि मीच तुला सांगत होते, कडा कापून टाक म्हणून! तुझे काका गेले, पण सवय लावून गेले. छाती काढून सांगणाऱ्याचं मला खरं वाटतं.

कपाटं परत भरली. मग ठरवलं, परीक्षा द्यायची तर सगळ्यांत कठीण द्यायची. तुझ्या दादाच्या घरी जायचं, एकटीने, न सांगता. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि मी ते फक्त तळघरातून बघितलेलं.

दोन बस बदलल्या. उतरले तिथपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्यांच्या त्या वसाहतीत शिरले. बारके, सगळ्या इमारती सारख्या गं! कापडाच्या एकाच ठाणाचे तुकडे. टिंब जरा वेळ चाललं आणि मग ते तुझं वर्तुळ पसरायला लागलं. पसरलं, पसरलं, तीन इमारती पोटात घेतल्या. इमारतींची नावं एवढ्या बारीक अक्षरात लिहिलेली की पाटीवर नाक लावावं लागेल, आणि मध्ये फाटकं. पहारेकरी काहीतरी बोलला. मी "हो हो" म्हणणार होते. नाही म्हटलं. त्याला म्हटलं, "मला ऐकू येत नाही, मी बघते." हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा परक्या माणसाला बोलले. त्याने खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

फोनवर आलं, "वर बघा."

वर बघितलं. तुझी टाकी सगळ्यांच्याच डोक्यावर होती, तिचा उपयोग नाही, ते सुधार. पण मी खिडक्या बघितल्या. दुसरं मला येतं काय? एका इमारतीला सगळीकडे पडदे, त्यात कुणाचे तरी फार वाईट चुण्यांचे. दुसरीलाही पडदे. तिसरीच्या चौथ्या मजल्यावर दोन खिडक्यांना वर्तमानपत्रं. मला इतकं हसू आलं की तो पहारेकरी घाबरला.

दार दादाने उघडलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे. जिन्यापर्यंत जाऊन आला. काय विचारतोय ते ऐकू आलं नाही, पण ओठांवर स्पष्ट होतं, "कोण आलंय बरोबर?" म्हटलं, "कुणी नाही." तो दारातच उभा. मी त्याला बाजूला केलं, आत गेले, वर्तमानपत्रं टराटरा फाडली आणि पिशवीतून टेप काढली. "धर हे टोक." धरलं त्याने. बापासारखंच धरतो, सैल. सांगितलं, ताणून धर. मग मी माप घेत असताना त्याने डोळे पुसले. मी बघितलं नाही असं दाखवलं, पण माझेही भरले होते.

करार वाढवलाय. साक्षीदार म्हणून सही त्याची आहे. डॉक्टरीणबाईंचं काम गेलं ते गेलं, तिकडे आता मी बघत नाही.

निघताना त्याने गाडीची किल्ली उचलली आणि माझ्या समोर येऊन, तोंड नीट दिसेल असं उभं राहून, सावकाश विचारलं, "आई, परत कशी जाणार?"

"आले तशी," म्हटलं, आणि टेप गुंडाळून पिशवीत टाकली.

तुझी मावशी